मानवी स्वभाव आणि आकलन : आनुवंशिकता, परिवेश व धारणा

मानवी स्वभाव आणि आकलन यांची जडणघडण आनुवंशिकता, परिवेश आणि धारणा या तीन घटकांच्या परस्परक्रियेतून होते, असे आधुनिक मानसशास्त्र मानते. आईवडिलांकडून जनुकांद्वारे मिळणारा वारसा म्हणजे आनुवंशिकता. गर्भावस्थेपासून पुढे व्यक्तीवर बाहेरून होणाऱ्या सर्व परिणामांना परिवेश म्हणतात. त्यात आहार, कुटुंब, भाषा, शिक्षण, आर्थिक स्थिती व सामाजिक स्थान यांचा समावेश होतो. व्यक्ती स्वतःविषयी व जगाविषयी जे सत्य मानते ती धारणा होय. धारणा काही अंशी पहिल्या दोन घटकांतून उपजते. परंतु एकदा रुजल्यावर ती स्वतंत्रपणे वर्तनावर व आकलनावर प्रभाव टाकते.

यांपैकी कोणता घटक प्रधान, हा वाद प्राचीन आहे. तो केवळ तात्त्विक राहिलेला नाही. त्याच्या उत्तरांवर शिक्षणाची धोरणे, गुन्हेगारीविषयक कायदे आणि काही देशांत सक्तीच्या नसबंदीसारखे निर्णय आधारले गेले. त्यामुळे या विषयाच्या इतिहासात शास्त्रीय संशोधनाबरोबरच त्याच्या गैरवापराचाही विचार करावा लागतो.

संकल्पनेचा इतिहास

भारतीय परंपरा

भारतीय दर्शनांत 'स्वभाव' ही संज्ञा निरनिराळ्या अर्थांनी येते. सांख्य दर्शनानुसार प्रकृती सत्त्व, रज व तम या तीन गुणांची बनलेली असून व्यक्तीच्या वृत्तींतील भेद या गुणांच्या कमीअधिक प्रमाणामुळे पडतात. योग दर्शनात पूर्वानुभवांचे चित्तावर उमटलेले ठसे, म्हणजे संस्कार, पुढील वर्तनाला वळण लावतात असे मानले आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रद्धेचे तीन प्रकार सांगितले असून माणसाची श्रद्धा व त्याचे अंतरंग यांचा थेट संबंध जोडला आहे. जैन दर्शनातील अनेकान्तवाद प्रत्येक आकलन हे एका विशिष्ट दृष्टिकोनातून झालेले व म्हणून अंशतःच सत्य असते, असे प्रतिपादन करतो. मराठीत 'संस्कार' हा शब्द आज प्रामुख्याने घरातील वळण या अर्थाने रूढ आहे, म्हणजेच परिवेशाचा वाचक बनला आहे.

पाश्चात्त्य परंपरा

इंग्लिश तत्त्ववेत्ता फ्रान्सिस बेकन याने १६२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'नोव्हम ऑर्गॅनम' या ग्रंथात मानवी आकलनात अडथळा आणणाऱ्या भ्रमांना 'मूर्ती' असे नाव देऊन त्यांचे चार वर्ग केले. मानवजातीच्या मूर्ती सर्व माणसांच्या उपजत घडणीतून येतात. गुहेच्या मूर्ती एकेका व्यक्तीचा पिंड, शिक्षण व संगत यांतून. बाजारपेठेच्या मूर्ती भाषेच्या सैल वापरातून. तर रंगभूमीच्या मूर्ती परंपरेने स्वीकारलेल्या मतप्रणालींतून. आनुवंशिकता, परिवेश व धारणा या तिन्ही घटकांची दखल या वर्गीकरणात एकत्रितपणे आढळते.

रने देकार्त याने काही कल्पना मनात जन्मजात असतात असे मानले. याउलट जॉन लॉक याने १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी आकलनावरील निबंधात मन जन्मतः कोऱ्या कागदासारखे असून सर्व ज्ञान अनुभवातून येते, असे मत मांडले. गॉटफ्रीड लायब्निट्स याने त्याचा सविस्तर प्रतिवाद केला. मन कोरा कागद नसून अंतर्गत शिरा असलेल्या संगमरवरासारखे असते, असा त्याचा आशय होता. इमॅन्युएल कांट याने १७८१ मध्ये दोन्ही बाजूंचा समन्वय साधण्याचा प्रयत्न केला. त्याच्या मते ज्ञानाची सामग्री अनुभवातून मिळते. परंतु तिला आकार देणारे साचे मनातच असतात.

एकोणिसावे व विसावे शतक

इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन याने १८६९ च्या 'हेरेडिटरी जीनिअस' या ग्रंथात असामान्य कर्तृत्व काही घराण्यांत पुन्हापुन्हा दिसते यावरून ते आनुवंशिक असल्याचा निष्कर्ष काढला. अशा घराण्यांतील मुलांना संपत्ती, शिक्षण व ओळखीपाळखी हेही वारशानेच मिळतात, ही त्या निष्कर्षातील मोठी उणीव होती. जुळ्या व्यक्तींच्या अभ्यासातून निसर्ग व संगोपन यांचा वाटा वेगळा करता येईल, ही कल्पनाही त्यानेच १८७५ मध्ये मांडली. ग्रेगोर मेंडेल याचे वाटाण्यावरील प्रयोग १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्यांचे महत्त्व १९०० मध्ये ओळखले गेले आणि आनुवंशिकीला शास्त्रीय पाया मिळाला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत वर्तनवादाचा प्रभाव वाढला. जॉन वॉटसन याने योग्य परिवेश दिल्यास कोणत्याही निरोगी बालकाला हव्या त्या व्यवसायात तरबेज करता येईल, असा दावा केला; हा दावा उपलब्ध पुराव्याच्या पलीकडे जातो, हेही त्याने त्याच ठिकाणी मान्य केले होते. १९५९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी बी. एफ. स्किनर यांच्या भाषाविषयक वर्तनवादी उपपत्तीवर टीका करून भाषा शिकण्याची क्षमता उपजत असल्याचे प्रतिपादन केले. त्यानंतर उपजत क्षमतांच्या अभ्यासाला पुन्हा चालना मिळाली.

आनुवंशिकता

जुळ्यांचे व दत्तक मुलांचे अभ्यास

एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ सर्वस्वी सारखी असतात, तर द्विबीज जुळ्यांत इतर भावंडांप्रमाणे सरासरी निम्मे साम्य असते. एखाद्या गुणाबाबत एकबीज जुळी द्विबीज जुळ्यांपेक्षा जितकी अधिक सारखी, तितका त्या गुणातील भेदांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा मानला जातो. दत्तक मुलांची तुलना त्यांच्या जन्मदात्या व पालक कुटुंबांशी करणे ही दुसरी पद्धत आहे.

१९७९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बूशार्ड यांनी वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास सुरू केला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गटातील बुद्धिगुणांकाच्या भेदांपैकी सुमारे ७० टक्के भेद आनुवंशिकतेशी निगडित होते. २०१५ मध्ये जुळ्यांवरील ५० वर्षांच्या २,७४८ शोधनिबंधांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात १ कोटी ४० लाखांहून अधिक जोड्यांची माहिती होती आणि सर्व गुणांचे सरासरी आनुवंशिकता-प्रमाण ४९ टक्के आढळले.

जनुकांचा प्रत्यक्ष शोध

मानवी जनुकसंचाचे वाचन करणारा आंतरराष्ट्रीय प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाला. त्यानंतर 'बुद्धीचे जनुक' किंवा 'आक्रमकतेचे जनुक' सापडेल ही अपेक्षा फोल ठरली. बहुतेक मानसिक गुणांवर हजारो जनुकीय भेदांचा प्रत्येकी अत्यल्प परिणाम होतो. ११ लाखांहून अधिक व्यक्तींच्या २०१८ मधील अभ्यासात शिक्षणाच्या वर्षांशी संबंध असलेले १,२७१ जनुकीय भेद आढळले. ते सर्व मिळूनही एखादी व्यक्ती किती शिकेल याचे भाकीत अत्यंत मर्यादित प्रमाणातच करू शकतात. शिवाय हा अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेला असल्याने त्याचे निष्कर्ष इतरांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

आनुवंशिकता-प्रमाणाचा अर्थ

आनुवंशिकता-प्रमाण ही संज्ञा अनेकदा चुकीच्या अर्थाने वापरली जाते. ते एका व्यक्तीविषयी नसून एका विशिष्ट समूहातील, विशिष्ट परिस्थितीतील भेदांविषयी असते. 'उंचीचे आनुवंशिकता-प्रमाण ८० टक्के' याचा अर्थ एखाद्या माणसाची ८० टक्के उंची जनुकांनी व २० टक्के आहाराने दिली, असा होत नाही. परिस्थिती बदलली की हे प्रमाणही बदलते.

आनुवंशशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० मध्ये यासाठी दिलेले बियाण्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. एकाच पोत्यातील मिश्र बियाणे सुपीक व नापीक अशा दोन जमिनींत पेरले, तर प्रत्येक शेतातील रोपांच्या उंचीतील फरक बियाण्यामुळे असेल. परंतु दोन शेतांच्या सरासरीतील फरक सर्वस्वी जमिनीमुळे असेल. म्हणून एखादा गुण समूहांतर्गत आनुवंशिक असला, तरी दोन समाजांतील किंवा वर्गांतील फरकही आनुवंशिकच असला पाहिजे असे सिद्ध होत नाही.

परिवेश

पोषण व शारीरिक परिस्थिती

गर्भावस्थेत व बालपणी आयोडीनची तीव्र कमतरता असल्यास मेंदूची वाढ खुंटते. भारतात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात केलेल्या अभ्यासातून आयोडीनयुक्त मिठाने गलगंडाचे प्रमाण घटते हे दाखवून दिले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पिढ्यान्पिढ्या दिसणारी, म्हणून 'रक्तातली' वाटणारी व्याधी प्रत्यक्षात माती व पाण्यातील एका घटकाच्या अभावाशी निगडित होती.

न्यूझीलंडमधील संशोधक जेम्स फ्लिन यांनी १९८४ व १९८७ मधील लेखांतून विसाव्या शतकात अनेक देशांत बुद्धिमापन चाचण्यांतील गुण सातत्याने वाढल्याचे दाखवले. अमेरिकेत ही वाढ दर दशकाला सुमारे ३ गुणांची होती. इतक्या अल्प काळात जनुकांत असा बदल संभवत नसल्याने पोषण, शालेय शिक्षण व अमूर्त विचारांची वाढती सवय यांकडे तिचे श्रेय दिले जाते.

संगोपन

रुमानियात १९८९ मध्ये चाउशेस्कू राजवट कोसळली, तेव्हा अनाथालयांत हजारो मुले अत्यंत उपेक्षित अवस्थेत आढळली. २००० मध्ये बुखारेस्ट येथे अशा १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यादृच्छिक निवडीने पालक कुटुंबांत ठेवण्यात आले. या मुलांची बौद्धिक व भावनिक वाढ संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा चांगली झाली. विशेषतः सुमारे दोन वर्षे वयाच्या आत कुटुंब मिळालेल्यांना अधिक लाभ झाला. परिवेशाचा परिणाम केवळ तो कसा आहे यावर नव्हे, तर तो केव्हा मिळतो यावरही अवलंबून असतो, हे यातून स्पष्ट झाले.

भाषा

भाषा हे उपजत क्षमता व परिवेश यांच्या मिलाफाचे ठळक उदाहरण आहे. जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजी भाषक घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतील 'त' व 'ट' यांसारखे दंत्य व मूर्धन्य ध्वनी ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना त्यांतील फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक बालकांना तो कळेनासा झाला. मराठी किंवा हिंदी ऐकत वाढणाऱ्या बालकांत हा भेद टिकून राहतो. परिवेश येथे नवी क्षमता देत नाही. अनेक उपजत क्षमतांपैकी कोणती टिकवायची हे ठरवतो.

आनुवंशिकता व परिवेश यांची परस्परक्रिया

फिनाइलकीटोनुरिया हा विकार या परस्परक्रियेचे सर्वाधिक उद्धृत उदाहरण होय. नॉर्वेजियन वैद्य फोलिंग यांनी १९३४ मध्ये तो प्रथम ओळखला. आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आल्यास बालकाच्या शरीरात फिनाइलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लाचे विघटन नीट होत नाही आणि उपचाराअभावी तीव्र बौद्धिक अक्षमता येते. हे आम्ल कमी असलेला आहार जन्मानंतर लगेच सुरू केल्यास मात्र मेंदूची वाढ बव्हंशी सामान्य होते. कारण पूर्णतः आनुवंशिक, तर उपाय आहाराचा. 'आनुवंशिक' म्हणजे 'अटळ' हे समीकरण येथे खोटे ठरते.

एरिक टर्कहायमर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेतील सात वर्षांच्या जुळ्यांच्या अभ्यासात असे दाखवले, की सधन कुटुंबांत बुद्धिगुणांकातील भेद प्रामुख्याने जनुकांशी, तर अतिशय गरीब कुटुंबांत प्रामुख्याने घरातील परिस्थितीशी निगडित असतात. पुढे युरोप व ऑस्ट्रेलियातील अभ्यासांत हा परिणाम तितकासा दिसला नाही. सामाजिक सुरक्षेच्या व्यवस्थांमधील फरक हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

परस्परक्रिया उलट दिशेनेही घडते. वाचनाची उपजत ओढ असलेले मूल पुस्तके मागते, त्याला ती मिळतात आणि ती ओढ वाढते. अशा प्रकारे व्यक्ती आपला परिवेश काही अंशी स्वतः निवडते. मात्र त्यासाठी घरात किंवा गावात पुस्तके उपलब्ध असावी लागतात.

धारणा

धारणांचा उगम

जुळ्यांच्या अभ्यासांनुसार व्यक्ती कोणत्या धर्माची वा पंथाची हे जवळजवळ सर्वस्वी कुटुंब व समाज ठरवतो. परंतु धार्मिकतेच्या तीव्रतेत आनुवंशिकतेचाही मध्यम वाटा असतो आणि तो प्रौढपणी वाढतो. धारणेचा आशय परिवेशातून, तर ती धारण करण्याची तीव्रता काही अंशी पिंडातून येते, असे यावरून म्हणता येते.

आकलनावरील परिणाम

आधीच्या मताला पुष्टी देणारे पुरावे शोधण्याच्या व विरोधी पुरावे दुर्लक्षिण्याच्या प्रवृत्तीस पुष्टी-पूर्वग्रह म्हणतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये अंकमालिकेमागील नियम ओळखण्याच्या प्रयोगातून तिचा अभ्यास केला. सहभागी व्यक्ती आपला तर्क खोटा ठरवू शकेल असा प्रश्न क्वचितच विचारत. ही प्रवृत्ती शिक्षित व अशिक्षित अशा दोन्ही वर्गांत आढळते.

स्वतःविषयीच्या धारणा

कार्ला हॉफ व प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात सहावी-सातवीच्या मुलांवर केलेला प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. मुलांना कागदावरील चक्रव्यूहाची कोडी सोडवायची होती व अचूक उत्तरांसाठी पैसे मिळणार होते. जात जाहीर केली नव्हती तेव्हा उच्च मानल्या गेलेल्या व दलित जातींतील मुलांच्या कामगिरीत लक्षणीय फरक नव्हता. प्रत्येकाचे नाव, वडिलांचे नाव व जात सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कामगिरी स्पष्टपणे घसरली. कोडी त्याच स्वरूपाची होती. बदलली होती ती न्याय्य वागणुकीविषयीची अपेक्षा, असे संशोधकांचे स्पष्टीकरण आहे.

मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी बुद्धी वाढू शकते असे मानणारी मुले अपयशानंतर अधिक चिकाटी दाखवतात, असा सिद्धांत मांडला. अमेरिकेतील सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवरील २०१९ मधील प्रयोगात अशा प्रशिक्षणाचा लाभ दिसला, परंतु तो अल्प होता आणि शाळेतील वातावरण अनुकूल असेल तेथेच टिकला. धारणा परिणामकारक असते. पण ती परिवेशाची जागा घेऊ शकत नाही.

गैरवापर

आनुवंशिकतेचा अतिरेक

गॉल्टनने १८८३ मध्ये नाव दिलेल्या सुप्रजननशास्त्राच्या आधारे अमेरिकेत सुमारे ६०,००० व्यक्तींची सक्तीने नसबंदी करण्यात आली. १९२७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशा कायद्यास मान्यता दिली. जर्मनीत नाझी राजवटीने १९३३ मध्ये केलेल्या कायद्याखाली सुमारे ४ लाख लोकांची नसबंदी झाली.

भारतात ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समूहांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. त्यांना नोंदणी व हजेरी सक्तीची झाली आणि पुढे त्यांना वसाहतींत ठेवण्यात आले. मुंबई प्रांतात सोलापूर येथे अशी वसाहत होती. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला व या जमाती 'विमुक्त' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. तथापि जन्मजात गुन्हेगारीची धारणा कायद्याबरोबर संपली नाही, आणि महाराष्ट्रात पारधी समाजाला तिचे परिणाम दीर्घकाळ सोसावे लागले.

परिवेशाचा अतिरेक

सोव्हिएत संघात त्रोफिम लिसेंको याने जनुकशास्त्र नाकारून परिवेशाने वनस्पतींचे आनुवंशिक गुण बदलता येतात असा दावा केला. १९४८ मध्ये या मताला अधिकृत दर्जा मिळाला. त्याचे विरोधक वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह त्यापूर्वीच, १९४३ मध्ये, तुरुंगात मरण पावले होते. वैद्यकातही स्वमग्नतेचे कारण आईच्या मायेचा अभाव असल्याचे मत विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ होते. १९७७ मधील जुळ्यांच्या अभ्यासाने या विकारात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असल्याचे दाखवले. तोवर असंख्य माता विनाकारण दोषी ठरल्या होत्या.

महाराष्ट्रातील विचार

जन्मावरून योग्यता ठरते या मताचा प्रतिवाद महाराष्ट्रातील समाजसुधारकांनी प्रत्यक्ष कृतीतूनही केला. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. शूद्रातिशूद्रांची अवनती निसर्गदत्त नसून विद्येपासून वंचित ठेवल्याचा परिणाम आहे, ही जोतीरावांची भूमिका होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात जातिसंस्थेच्या सुप्रजननशास्त्रीय समर्थनाची चिकित्सा केली. रक्तशुद्धी हा हेतू असेल तर बेटीबंदीचे कारण समजू शकते, परंतु रोटीबंदीचा त्याच्याशी काय संबंध, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिन येथे वंशवादी सिद्धांतांचे पुरस्कर्ते ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवटीच्या असममितीवर प्रबंध लिहिला. मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध, वंश व असममिती यांत संबंध आढळत नाही असा निष्कर्ष त्यांनी नोंदवला. पुढे त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये दीर्घकाळ अध्यापन व संशोधन केले.

सद्यस्थिती

'निसर्ग की संगोपन' हा प्रश्न या स्वरूपात आता बहुतांश संशोधक अयोग्य मानतात. आयताचे क्षेत्रफळ लांबीमुळे अधिक की रुंदीमुळे, हे जसे विचारता येत नाही, तसेच एका व्यक्तीच्या स्वभावाचे वाटे करता येत नाहीत. अनुभवांमुळे जनुकांच्या कार्यात होणाऱ्या बदलांचा अभ्यास एपिजेनेटिक्स या शाखेत होतो. १९४४–४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समधील दुष्काळात गर्भावस्थेत असलेल्या व्यक्तींच्या जनुकांवर सहा दशकांनंतरही रासायनिक खुणांतील फरक आढळले आहेत. मात्र असे बदल माणसांत पुढील पिढ्यांकडे जातात, हे अद्याप निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही.

भ्रूणांची जनुकीय निवड, बालपणातील पोषण व शालेय समता यांविषयीचे आजचे वाद याच प्रश्नाशी निगडित आहेत. माणसाविषयी समाजाची जी धारणा असते तीच त्याला मिळणाऱ्या संधी ठरवते, आणि त्या संधींचे परिणाम पुढे त्याच्या 'स्वभावा'चा पुरावा म्हणून मांडले जातात. हे चक्र ओळखणे, हे या क्षेत्रातील संशोधनाचे एक मुख्य प्रयोजन मानले जाते.